हत्तीकडचे की गाढवाकडचे?

भाड्याची खोली मागायला गेलेल्या माणसाला घरमालक काय काय विचारतात, ते मला पाठ होतं. पगार किती, लग्न झालंय का, मटण शिजवता का, पाहुण्यांची वर्दळ असते का. कराडात मास्तरकी लागली तेव्हा या सगळ्यांची उत्तरं घोकून, इस्त्रीचा सदरा घालून, मी नदीच्या वाटेवरच्या एका दुमजली घराच्या पायरीवर जाऊन उभा राहिलो. आतून चांगले सहा फुटी गृहस्थ बाहेर आले. खाली धोतर, वर कोट, डोक्यावर तपकिरी फेल्ट हॅट आणि हॅटच्या सावलीत पिळलेल्या मिशा. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि एकच प्रश्न विचारला.

"तुमी हत्तीकडचं का गाढवाकडचं?"

हा प्रश्न माझ्या तयारीत नव्हता. पण उत्तर अवघड वाटलं नाही. कुठल्याही शहाण्या माणसानं दिलं असतं तेच मी दिलं.

"हत्तीकडचा."

दार बंद झालं.

मी पिशवी उचलली, दोन पायऱ्या उतरलो आणि स्वतःशीच, पण जरा मोठ्यानं, म्हणालो, "मास्तरकी म्हणजे जन्मभर गाढवांच्यातच राहायचं, आणि वर लोकांचे हे नखरे!"

दार उघडलं.

"मग आदी सांगायचं न्हाई का मास्तर? या, या. माडीवरची खोली घ्या. नदीचा वारा लय ग्वाड लागतो."

अशा रीतीनं मी मालकांच्या माडीवर राहायला गेलो आणि पुढे स्वातंत्र्य मिळून वर वर्ष-दीड वर्ष होऊन गेलं तरी तिथंच होतो. एवढ्या काळात मी हिंदुस्थानचं राजकारण वर्तमानपत्रात वाचलं आणि अमेरिकेचं मालकांच्या तोंडून ऐकलं. खरं सांगायचं तर मला अमेरिकेचंच जास्त समजलं.

मालक तरुणपणी सर्कशीत होते. सांगलीकडच्या सर्कशी तेव्हा सातासमुद्रापार जात. मालक ना झुल्यावरचे, ना वाघासिंहांचे. त्यांचं काम आवाजाचं होतं. लाल कोट घालून रिंगणाच्या मधोमध उभं राहायचं आणि पुढच्या खेळाची ललकारी द्यायची. सर्कस अमेरिकेला गेली आणि तिथंच फुटली. जनावरं विकली गेली, माणसं मिळेल त्या बोटीनं परतली, आणि मालक मागे राहिले. शिकागोला लाकडी सामानाच्या कारखान्यात पॉलिश मारायला लागले. मग तिकडं मंदी आली. कारखाना बंद पडला आणि मालक फुकटच्या पावाच्या रांगेत उभे राहिले. पुढे हाताला काम मिळालं, चार पैसे जमले, तेव्हा कराडला परतून ऊस आणि गुऱ्हाळ बघू लागले.

ती रांग ते आम्हाला साभिनय दाखवत. ओट्यावरून उतरून अंगणाच्या कडेला उभे राहत, कोटाची कॉलर वर करत, थंडीनं कुडकुडत आणि एकेक पाऊल पुढे सरकत.

"मास्तर, रांग ह्या टोकाला. आन त्या टोकाला, लय लांब, गाद्यागिरद्यावर हत्तीवालं पुढारी. रेडिओवर सांगायचं, धीर धरा. सरकारनं मधी पडू नये, समदं आपसूक ठीक हुतंय. हिकडं पावासंगट मिळणाऱ्या कढणात पाणी वाढत चाललंय आन तिकडं ह्येंचं धीर धरा, धीर धरा! आरं, धीर काय पावाला लावून खायचा?"

अमेरिकेत दोन पक्ष. एकाचं चित्र हत्तीचं, दुसऱ्याचं गाढवाचं. हत्तीवाले म्हणजे सगळं जिथल्या तिथं राहू द्या म्हणणारे, शेठ-सावकारांच्या बाजूचे. गाढववाले निवडून आले आणि त्यांनी रिकाम्या हातांना कामं दिली, म्हाताऱ्यांना पेन्शन दिली, खेड्यापाड्यांत वीज नेली. प्रत्येक वेळी हत्तीवाले आडवे पडले. खजिना बुडेल म्हणाले, माणसं आळशी होतील म्हणाले. मालकांच्या जगाची मांडणी एवढीच होती आणि ती पुढे कधी बदलली नाही. खरी गंमत अशी की त्यांना तिकडं मताचा अधिकार कधीच नव्हता. एकदा मी तसं बोलून दाखवलं.

"मत न्हवतं म्हणून तर मतं हायत, मास्तर," मालक म्हणाले. "ज्येला पेटीत टाकाय मिळतंय त्यो टाकून मोकळा हुतो. माझी समदी आतच साठलीत."

साठलेली मतं रोज सकाळी बाहेर पडत. ओट्यावर बसून मिश्री लावता लावता मालक येणाऱ्या-जाणाऱ्याचा पक्ष ठरवून टाकत. तुंबलेलं गटार बघून "बघू पुढच्या वर्षी" म्हणणारा नगरपालिकेचा मेंबर हत्तीवाला. मुलीला चौथीनंतर शाळेतून काढणारा शेजारी हत्तीवाला. पाऊस लांबला तर ढग हत्तीवाले. समोरच्या दत्ताच्या देवळातल्या गुरवानं एकदा त्यांना कोंडीत पकडायचं ठरवलं.

"मालक, हत्ती एवढा वंगाळ, तर गणपती कसा चालतो तुमाला?"

मालकांनी चूळ भरली, हॅट काढून छातीशी धरली आणि सर्कशीतल्या आवाजात म्हणाले, "गणपतीनं उंदराला बरुबर घेतलंय! त्या हत्तीवाल्यांनी कुणाला बरुबर घेतलंय, एक नाव सांगा!"

गुरवानं ते मनावर घेतलं. पुढं त्या वर्षी गणपतीच्या आरतीत तो उंदराकडेसुद्धा निरांजन फिरवायला लागला.

या राजकारणाचा एक परिणाम भाषेवर झाला. साऱ्या मुलखात गाढव ही शिवी. मालकांच्या तोंडी तो किताब होता. कुणी भला माणूस भेटला की ते भरल्या आवाजात सांगत, "लय मोठं गाढव हाय गड्या त्यो! असलं गाढव हुडकून सापडायचं न्हाई!" आमच्या हेडमास्तरांनी गरीब मुलांच्या फिया माफ केल्या, हे मी एकदा मालकांना सांगून बसलो. मालक भारावले. शाळेच्या बक्षीस समारंभाला त्यांना पहिल्या रांगेत खुर्ची होती. आभाराच्या वेळी ते आपणहून उठले आणि सगळ्या पालकांसमोर गरजले, "आपलं हेडमास्तर म्हणजे खरंखुरं गाढव हायत! अशी चार गाढवं ह्या तालुक्याला मिळाली तर सोनं हुईल!" पोरांनी ज्या टाळ्या वाजवल्या, तशा मी पुन्हा ऐकल्या नाहीत. हेडमास्तरांची समजूत काढायला मला आठवडा लागला. शेवटी ते म्हणाले, "ठीक आहे. पण पुन्हा इतकं कौतुक नको म्हणावं."

बेचाळीस साली आमच्या भागात काय धामधूम होती, ते वेगळं सांगायला नको. कोण भूमिगत, कोण खबऱ्या, काही कळत नसे. अशा दिवसांत मालक ओट्यावर उभे राहून ओरडत, "हत्तीवाल्यांस्नी हाकला! ह्येंच्या सोंडेत देशाचा गळा हाय!" व्हायचं तेच झालं. फौजदार आला. हत्ती म्हणजे इंग्रज सरकार, अशी ही सांकेतिक भाषा आहे असा त्याला पक्का संशय. मालकांना चौकीवर नेलं. मी मागोमाग धावलो. आत जाऊन बघतो तो मालक फौजदाराच्या खुर्चीत, फौजदार समोरच्या स्टुलावर, आणि टेबलावर दोन दौती. एक हत्ती, एक गाढव. मालक त्याला म्हाताऱ्यांच्या पेन्शनीचा कायदा समजावून देत होते.

"तुमी रिटायर झाल्यावर तुमाला मिळणार का न्हाई पेन्शन?" मालकांनी विचारलं.

"मिळणार," फौजदार म्हणाला.

"मग साहेब, तुमीबी गाढवच!"

फौजदारानं कपाळ पुसलं आणि मला म्हणाला, "मास्तर, यांना घेऊन जा. सरकारला यांच्यापासून धोका नाही. मला आहे."

मालक सुटून आले तेव्हा लोकांनी हार आणला. मालकांनी तो घालून घेतला नाही. "ह्यो लढा तुमचा," ते म्हणाले. "माझा लढा वायला हाय. हार उगंच कशाला बाटवायचा?" पण लोकांनी काही ऐकलं नाही. गावच्या हिशेबी मालक कायमचे देशभक्त झाले.

शेहेचाळीसच्या थंडीत तिकडच्या कायदेमंडळाची, म्हणजे सिनेट आणि हाऊस या दोन्ही सभागृहांची, निवडणूक हत्तीवाल्यांनी जिंकली. मी इंग्रजी पेपरातली बातमी वाचून दाखवली आणि मालकांनी हॅट खुंटीला अडकवली. दाढी बंद. गोड बंद. ओट्यावर घोंगडं अंथरून भिंतीला टेकून बसले. संध्याकाळपर्यंत शेजारीपाजारी जमले.

"कोण गेलं, मालक?" पलीकडच्या तात्यांनी हळूच विचारलं.

"सिनेट गेलं," मालक म्हणाले.

"अरारा. आजारी हुतं?"

"हाऊसबी गेलं."

तात्यांना एवढं इंग्रजी येत होतं. "घर बी गेलं? आवं, मग राह्यलं काय?" ते कळवळून म्हणाले आणि घरी जाऊन पिठलं-भाकरी घेऊन आले. दुःखाच्या घरी चूल पेटत नाही म्हणून. मालकांनी ती मुकाट्यानं खाल्ली. मालकांचं अमेरिकेत मोठं घर होतं आणि ते हातचं गेलं, हे कराडात पुढे कितीतरी दिवस लोक हळहळून सांगत.

एवढं सगळं हसण्यावारी गेलं असतं. पण या हत्तीपायी मालकांच्या घरात एक खरी जखम झाली होती, आणि ती मी डोळ्यांनी बघितली होती.

मालकांना एकच बहीण. मोठी. सगळं गाव तिला आक्का म्हणे. आई लवकर गेल्यावर आक्कानंच मालकांना वाढवलं. नदीवरचा पूल ओलांडून घटकाभर चाललं की तिचं सासर लागे. तिथं एका जहागीरदारांचा मुक्काम आणि त्यांच्या पदरी एक हत्तीण, भागीरथी. या भागीरथीचं खाणंपिणं, झूल-अंबारी, औषधपाणी यांचा सगळा कारभार ज्यांच्याकडे, ते आक्काचे यजमान. मालकांचे दाजी.

दाजी बारीक, नेमस्त, टोपीला सुरकुती न पडू देणारे. हत्तीण हेच त्यांचं घराणं, हीच अब्रू. ती शिंकली तर हे काढा प्यायचे. अशा माणसाच्या ओसरीवर, चव्वेचाळीसच्या भाऊबिजेला, मालक पाटावर बसले होते. मलाही भाडेकरू म्हणून जेवायला नेलं होतं. तिकडची निवडणूक तोंडावर आलेली. दाजी शेजारी फराळाचं ताट घेऊन बसलेले आणि आक्का ताम्हणात निरांजन लावत होती. तेवढ्यात अंगणातून भागीरथी मोठ्यानं ओरडली.

"बघा बघा," मालक मला म्हणाले, "डोंगराएवढं प्वाट आन चिंचुक्याएवढं डोळं. गरीब दिसायचा कसा? फुकटचं खायाचं आन वरनं ओरडायचं!"

बोलले ते शिकागोच्या पुढाऱ्यांना. पण दाजींचा घास हातात राहिला.

"कुणाला म्हणताय ह्ये?"

"हत्तीला."

"माझ्या दारात, माझ्या हत्तीला?"

"तुमच्या न्हवं वो दाजी, त्या अमेरिकेतल्या..."

"अमेरिकेत हत्ती हायत कुठं?" दाजी ताडकन उठले. "मला शेंड्या लावता? जवर भागीरथीची माफी मागत न्हाई, तवर ह्या उंबऱ्याच्या आत यायचं न्हाई!"

मालकांनी माफी मागितली असती हो. हत्तिणीची. पण हत्तीची माफी म्हटल्यावर त्यांना ती पावाची रांग आठवली. ते पाटावरून उठले, हॅट घातली आणि चालू लागले. ताम्हण हातात धरून आक्का तशीच उभी. निरांजनातली वात जळत होती आणि ओवाळायला समोर रिकामा पाट.

ज्या बाईला भाऊ नाही, ती भाऊबिजेला चंद्राला ओवाळते. मालक अमेरिकेत होते ती सगळी वर्षं आक्कानं चंद्राला ओवाळलं होतं. आता पुन्हा तेच सुरू झालं. बाजाराच्या दिवशी ती मला मंडईत भेटे, तेव्हा एकदा म्हणाली, "मास्तर, त्यो समुद्रापल्याड हुता तवा वाईट न्हाई वाटलं. जे दिसतच न्हाई त्येचं काय वाटायचं? आता पुलापल्याड हाय. चांदाला ओवाळताना त्येच्या गुऱ्हाळाचा धूर दिसतोय मला."

गंमत बघा, या अबोल्याच्या काळातही मालकांच्या रानातून ऊसतोडीच्या दिवसांत वाढ्यांनी भरलेली गाडी पूल ओलांडून भागीरथीकडे जाई. वाढं म्हणजे उसाचा शेंड्याकडचा हिरवा पाला. हत्तिणीला त्याचं वेड. मी विचारलं, "मालक, हे कसं?"

"विरोधी पक्षालाबी खाया लागतंय, मास्तर," ते म्हणाले. "उपाशी ठिवला तर त्यो हत्तीवाल्यांचा कारभार झाला."

भागीरथी नदीवर धुवायला येई तेव्हाही ते घाटावर जात, तिला ऊस भरवत आणि वर भाषण देत. "तुजी चूक न्हाई, बाय. तुजं चित्र काढताना तुला कुणी इचारलं न्हाई." ती कान हलवत ऐके. अमेरिकेच्या राजकारणावर मालकांचं इतकं शांतपणे ऐकणारा दुसरा श्रोता कराडात नव्हता. पण घाटावरून वर, दाजींच्या उंबऱ्यापर्यंत, ते कधी गेले नाहीत.

अठ्ठेचाळीस साल उजाडलं. तिकडं पुन्हा मोठी निवडणूक. आणि योग असा की तिकडचं मतदान आपल्या दिवाळीतच, पाडव्याच्या दिवशी. निकाल भाऊबिजेला. सगळे पेपर एकमुखानं सांगत होते की या खेपेला हत्ती जिंकणार. मी एकेक बातमी वाचून दाखवी आणि मालकांच्या मिशा एकेक केसानं खाली येत.

नवरात्रात आक्का बाजारात भेटली. मला बाजूला घेऊन म्हणाली, "मास्तर, आमच्या ह्येंनी निरोप दिलाय. म्हणावं, हत्ती जितला, तर मेव्हण्यानं गाढवावर बसून आमच्या दारात यायचं. मग माफीबिफी काय नको. भाऊबीज हुऊन जाईल. आन हत्ती हरला, तर हे पुन्यांदा माफीचा इषय काढणार न्हाईत."

दाजींच्या दृष्टीनं हा न्याय झाला. आमच्याकडे गाढवावर बसवणं म्हणजे धिंड. त्याहून मोठी शिक्षा नाही.

मी निरोप पोचवला. मालक खदाखदा हसले. "ही शिक्षा व्हय? हत्ती जितला तर जाईन बापडा गप खाली मान घालून. पण गाढव जितलं तर? तर म्या सोताहून गाढवावर बसणार! हलगी लावून! आपल्या पक्षाचं जनावर हाय, मास्तर!"

ते मी आक्काला जाऊन सांगितलं. तिनं पदर सारखा केला, "असं म्हणाला व्हय? ब्येस झालं," म्हणाली आणि वांगी निवडायला लागली. त्यात काही विशेष आहे असं मला तेव्हा वाटलं नाही.

भाऊबिजेच्या सकाळपासून मी स्टँडजवळच्या हॉटेलात रेडिओला कान लावून बसलो. मालक येरझाऱ्या घालत होते. दुपार कलली तरी मोजणी संपेना. मी घरी येऊन सांगितलं, "मालक, आत्तापर्यंत गाढव पुढं आहे. पण जाणकार म्हणतात, शेवटी हत्तीच येणार. थांबून बघा म्हणतात."

मालक एकदम ताठ झाले.

"थांबा म्हणत्यात? पावाच्या रांगंत हेच जाणकार म्हणत हुतं, थांबा! मास्तर, माझा लाल कोट काढा!"

"अहो, पण निकाल..."

"पुढं हाय का न्हाई गाढव?"

"आहे."

"मग झालं! चला!"

आता अडचण गाढवाची. सणाच्या दिवशी गाढव कोण देणार? पण आम्ही कुंभारवाड्यात शिरलो तर कुंभार दारातच उभा. गाढव धुतलेलं, खुरांना तेल लावलेलं, पाठीवर घडी घातलेली घोंगडी, गळ्यात झेंडूची माळ. "मला वाटलंच तुमी येणार," एवढंच तो म्हणाला. मालक त्याला मिठी मारून म्हणाले, "तू लय मोठं गाढव हाईस गड्या!" कुंभार गावातला असल्यानं खूश झाला.

मग निघाली मिरवणूक. पुढे हलगी. मागे गाढवावर, सर्कशीतला लाल कोट आणि फेल्ट हॅट घालून, पाय जमिनीला टेकताहेत अशा थाटात मालक. त्यांच्या मागे उसाची मोळी डोक्यावर घेऊन मी, इंग्रजीचा मास्तर. माझे विद्यार्थी दुतर्फा. लोक घरातून फराळाच्या ताटावरून उठून बाहेर आले.

"काय केलं वो मालकांनी?" कुणीतरी हळहळलं.

"आवं, अमेरिकेतलं घर गेलं त्येंचं," तात्या म्हणाले, "आता डोक्यावर परिणाम झालाय."

मालक मात्र दोन्ही हात उंचावून ललकारी देत होते. "मेहेरबान! कदरदान! गरिबाचं जनावर आलं, वाट सोडा!" पुलावर गाढव अडलं. निम्म्या पुलावर चारी पाय रोवून उभं. मी ढकललं, हलगीवाल्यानं ओढलं. मालक वरून अभिमानानं म्हणाले, "बघा, कुणाचं ऐकत न्हाई. असा बाणा पायजे." शेवटी उसाचं एक टिपरू पुढं धरलं तेव्हा बाणा चालायला लागला.

दाजींच्या दारी पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. पश्चिमेला द्वितीयेची चंद्रकोर, नखाएवढी. आक्का अंगणात ताम्हण घेऊन उभी होती. तोंड चंद्राकडे होतं, पण वात अजून पेटवलेली नव्हती. हलगी ऐकून दाजी बाहेर आले. गाढवावर मेव्हणा बघितला आणि त्यांचा चेहराच उतरला. जिंकल्याचा आनंद वगैरे कुठं दिसेना. एवढा मोठा माणूस, एवढ्या लोकांसमोर, आपल्या एका शब्दाखातर गाढवावर! त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"पाव्हणं, उतरा. उतरा खाली," ते धावत जाऊन म्हणाले. "लय झालं. शबुद पाळला तुमी. म्या रागात बोललो वो, खरंच काय असं यायचं हुतं व्हय?"

मालकांनी छाती फुगवली. "दाजी, तुमी समजताय तसं न्हाई. गाढव जि..."

पुढचं अक्षर बाहेर पडायच्या आत आक्कानं त्यांच्या तोंडात अख्खी करंजी कोंबली.

"आदी त्वांड ग्वाड कर बाबा," ती म्हणाली. "लांबनं आलाईस."

मालकांना सर्कशीतला आवाज होता, पण करंजीपुढे तो चालेना. ती संपायच्या आत पाट मांडला गेला, वात पेटली, आणि आक्कानं भावाला ओवाळलं. मालकांच्या मिशांना करंजीचं सारण लागलेलं आणि त्यावरून डोळ्यांतलं पाणी ओघळत होतं. ओवाळून झाल्यावर ती अंगणात गेली आणि तेच ताम्हण तिनं गाढवाभोवतीही फिरवलं. गाढवानं झेंडूची माळ खायला सुरुवात केली होती. शेजारी भागीरथी उभी. मी मोळी टाकली तसा तिनं सोंडेनं एक ऊस उचलला, एक क्षण धरून ठेवला आणि मग खाल्ला. गाढव आणि हत्तीण एकाच मोळीतलं रात्र होईपर्यंत खात होती. तिकडं अमेरिकेत असं दृश्य कुणी बघितलं असेल असं वाटत नाही.

निकालाची पक्की बातमी दुसऱ्या दिवशी कळली. गाढव जिंकलं होतं. सगळे जाणकार तोंडघशी पडले होते. तिकडच्या एका पेपरानं तर हत्ती जिंकल्याचं आधीच छापून टाकलं होतं म्हणे. मी मुद्दाम पूल ओलांडून सांगायला गेलो. मालक तिथंच मुक्कामाला होते. दाजींबरोबर चहा चालला होता. मालकांनी बशी खाली ठेवून अशी आरोळी ठोकली की भागीरथीनं उत्तर दिलं.

दाजींनी बशीतला चहा संपवला. मग म्हणाले, "म्हंजे म्या हरलो?"

"व्हय," मालक म्हणाले.

"मग गाढवावर तुमी का बसला हुता?"

"मान म्हणून."

दाजींनी टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी घातली. "मला ह्यातलं काय बी कळलं न्हाई," ते म्हणाले. "पण आता जेवूनच जावा."

मालक जेवूनच गेले. पुढे दर भाऊबिजेला ते त्या उंबऱ्याच्या आत जेवले. हत्तीवाल्यांवर बोलताना फक्त आवाज खाली आणत आणि भागीरथीकडे पाठ करून बोलत.

त्या दिवशी निघताना मी आक्काला परसात गाठलं. ती भांडी घासत होती. एक गोष्ट माझ्या मनात राहून राहून येत होती.

"आक्का, गाढव जिंकलं म्हणून बरं झालं. पण हत्ती जिंकला असता तर?"

ती हसली. राख लावलेल्या हाताच्या मनगटानं तिनं कपाळावरचे केस मागे सारले.

"कुंभाराला म्या नवरात्रातच सांगून ठेवलं हुतं, भाऊबिजंला गाढव धुऊन ठेव," ती म्हणाली. "कुणीबी जितलं तरी त्यो गाढवावरच येणार हुता. कोण निवडून येतंय, ती अमेरिकेची काळजी. माजा भाऊ याया पायजे हुता."